हजेरीपट आणि परीक्षा

महाविद्यालयाच्या वर्गात ठरलेले तास बसल्याखेरीज पदवीच्या कोणत्याही विषयाचे श्रेयांक, म्हणजे आपल्या महाविद्यालयीन व्यवहारात ज्यांना सर्रास क्रेडिट म्हटले जाते ते, कोणालाही देऊ नयेत. जो तो विषय अन्यत्र शिकून आला असेल त्यानेही, त्याला तो कितीही उत्तम अवगत असो, पुन्हा पहिल्या धड्यापासून सर्वांबरोबर हजेरी लावावी. आणि केवळ परीक्षा घेऊन त्याला त्या विषयातून मोकळे करणे म्हणजे उच्च शिक्षणाचा पायाच खणून काढणे होय, असे मत आपल्याकडील अध्यापकवर्गात व संस्थाचालकांत फार दृढमूल झालेले आहे. हे मत बाळगणारी माणसे विद्येची शत्रू नव्हेत. त्यांपैकी कित्येकांनी अवघे आयुष्य अध्यापनात वेचले आहे, आणि गुरुशिष्यांचा सहवास, ग्रंथालय, वादविवाद व समवयस्कांची संगत यांनी विद्यार्थी घडतो, ही त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे. म्हणूनच त्यांच्या मताचा परामर्श आदराने, परंतु हातचे काही न राखता घेणे मला अवश्य वाटते; कारण या मतापायी ज्यांची वर्षे फुकट जातात असे विद्यार्थी माझ्या दृष्टीसमोर आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळसे त्र्यंबकेश्वरासारख्या, जेथे विद्या शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींबाहेरही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे, अशा गावांतले आहेत.

त्र्यंबकेश्वर हे यात्रेचे गाव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. कुशावर्तावर स्नान, ज्योतिर्लिंगाचे दर्शन, निवृत्तिनाथांची समाधी आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ यांपलीकडे या गावाकडे विद्येचे स्थान म्हणून फारसे कोणी पाहत नाही. तथापि येथील तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या वंशावळींच्या ज्या वह्या जतन केलेल्या आहेत, त्यांत कोणत्या गावचा कोण गृहस्थ कोणत्या साली कोणाकोणासह आला, कोणाचे श्राद्ध केले, त्याचे भाऊबंद कोण, याची नोंद आहे. आणि जुन्या वह्यांतील बराच मजकूर मोडी लिपीत आहे. या घरांतील एखादा मुलगा आजोबांच्या शेजारी बसून, शिरोरेघेखाली न थांबता वळत गेलेली ती अक्षरे, नावांचे संक्षेप, शकांचे व तिथींचे उल्लेख, लेखकागणिक बदलणारे वळण, हे सारे ओळखण्यास लहानपणीच शिकतो. पुढे तो नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयात इतिहास घेऊन पदवीला बसतो, आणि जेथे मोडीवाचन हा अभ्यासक्रमाचा विषय आहे तेथे त्याला अ, आ, इ पासून ती लिपी पुन्हा गिरवावी लागते. कारण हजेरीपटावर त्याच्या नावापुढे पुरेशा खुणा नसतील तर त्याला परीक्षेस बसता येत नाही. ज्या सत्रात तो पुराभिलेखागारातील अस्सल कागद वाचू शकला असता, पेशवेकालीन जमाखर्चाची रीत किंवा फारसी शब्दांचा अर्थ शिकू शकला असता, ते सत्र जे येते तेच पुन्हा शिकण्यात संपते. यात अध्यापकाचा कसूर नाही आणि विद्यार्थ्याचाही नाही. कसूर त्या नियमाचा आहे, जो विषय येतो की नाही हे विचारण्याआधी तो कोठे व किती तास शिकला हे विचारतो.

या मुलाला कोणी श्रेयांक बहाल करा असे म्हणत नाही. मागणी एवढीच आहे की, विद्यापीठाने नेमलेल्या व त्याच्याशी कोणतेही नाते नसलेल्या परीक्षकाने त्याच्यापुढे यापूर्वी कधीही न पाहिलेला मोडी कागद ठेवावा, ठरलेल्या मुदतीत त्याचे देवनागरी लिप्यंतर करवून घ्यावे, त्यातील मितीचे रूपांतर करण्यास सांगावे, आणि मग निर्णय द्यावा. तो उत्तीर्ण झाला तर त्या विषयाचे श्रेयांक त्याच्या खाती जमा व्हावेत. अनुत्तीर्ण झाला तर त्याने इतरांसारखे वर्गात बसावे. या मागणीत पदवीची अप्रतिष्ठा कोठे आहे हे आक्षेपकांनी दाखवून द्यावे.

आक्षेपकांचा पहिला व मुख्य मुद्दा असा की, श्रेयांक हे अध्ययनाच्या काळाचे माप आहे, आणि काळ न घालवता माप देणे ही फसवणूक आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकास सुमारे तीस तासांचे अध्ययन धरलेले आहे, हे ते आवर्जून सांगतात. परंतु त्याच आराखड्यात हे तास वर्गातलेच असले पाहिजेत असे नाही, वर्गाबाहेरचे अध्ययन व पूर्वी मिळवलेले ज्ञान यांनाही स्थान आहे, आणि कोणताही श्रेयांक मूल्यमापनावाचून द्यावयाचा नाही, हे ते तितक्या आवर्जून सांगत नाहीत. काळाचा प्रश्न उपस्थित झालाच आहे तर तो शेवटपर्यंत नेला पाहिजे. त्र्यंबकच्या मुलाने मोडी शिकण्यात तीस तास नव्हे, त्याच्या अनेकपट तास घालवलेले आहेत. ते फक्त हजेरीपटावर चढलेले नाहीत. विद्यापीठाला जे पाहता आले नाही ते घडलेच नाही असे मानण्याचा अधिकार विद्यापीठाला कोणी दिला? जे पाहिले नाही ते पडताळून घेता येते, आणि पडताळणीसाठीच परीक्षा नावाची संस्था निर्माण झालेली आहे.

या संस्थेविषयी आज जो अविश्वास व्यक्त होतो तो आपल्या विद्यापीठांच्या स्वतःच्या इतिहासाशी विसंगत आहे. 1857 साली मुंबईस विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था म्हणून; अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि कसोटी विद्यापीठाने लावावी, अशी ती योजना होती. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे जन्मलेले महादेव गोविंद रानडे 1859 साली त्या विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेस उतरले आणि पुढे त्याच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाले, तेव्हा विद्यापीठाजवळ स्वतःचा म्हणावा असा एकही वर्ग नव्हता. पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो 1919 मध्ये. आक्षेपक म्हणतील की, मुंबई विद्यापीठ परीक्षार्थीकडून महाविद्यालयात टर्मा भरल्याचा दाखला मागत असे. होय, मागत असे. पण ती अट योजनेच्या गाभ्यातली नव्हती. कारण जे मूळ विद्यापीठ नमुना म्हणून घेतले, त्या लंडन विद्यापीठाने 1858 च्या सनदेने ती अट काढून टाकून, कोणत्याही महाविद्यालयात न गेलेल्यांनाही आपल्या परीक्षा खुल्या केल्या, आणि त्या पदव्यांना जगात कोणी हिणकस म्हटले नाही. आपल्याकडेही वकिलीची सनद कित्येक वर्षे प्लीडरच्या परीक्षेवर मिळत होती. आणि स्वातंत्र्योत्तर काळात पुणे विद्यापीठाचे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून दिवसा शाळेत शिकवून व रात्री कंदिलाखाली वाचून जे शेकडो प्राथमिक शिक्षक बी.ए. झाले, त्यांची पदवी खोटी होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

याच संदर्भात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत त्यांचे अध्ययन झाले. सरकारी महाविद्यालयाच्या वर्गात त्यांनी टर्मा भरल्या नाहीत. 1923 साली त्यांनी कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयाची तर्कतीर्थ ही परीक्षा दिली आणि ती पदवी त्यांच्या नावाचाच भाग झाली. वाईच्या एका पाठशाळेत न्यायशास्त्र कोणी कसे शिकवले, याची चौकशी करीत कलकत्त्याचे परीक्षक बसले नाहीत. त्यांनी न्यायशास्त्रातले प्रश्न विचारले. पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व ज्या पुरुषाने सांभाळले, त्याच्या विद्वत्तेवर शिक्कामोर्तब झाले ते अशा परीक्षेने. आणि खुद्द त्र्यंबकचे उदाहरण हवे असल्यास, 30 एप्रिल 1870 रोजी येथे जन्मलेले दादासाहेब फाळके यांचे वडील दाजीशास्त्री घ्या. ते जुन्या परंपरेतले संस्कृत पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनासाठी त्यांची नेमणूक झाली. ज्या परंपरेतील पंडित महाविद्यालयाने अध्यापक म्हणून आपला मानला, त्या परंपरेतील विद्यार्थ्याची परीक्षा घेण्यासही आजच्या महाविद्यालयाने तयार नसावे, याची संगती मला लागत नाही.

आता मी दुसऱ्या पक्षाकडे वळतो. कारण माझा प्रतिवाद एकाच बाजूशी नाही. राष्ट्रीय आराखड्यात अठरा विद्या व चौसष्ट कला यांतील प्रावीण्यालाही श्रेयांक मिळू शकतील असे जाहीर झाले, तेव्हा परंपराभिमानी मंडळींना मोठा हर्ष झाला, आणि त्यांपैकी काहींचे म्हणणे असे दिसते की, वेदपाठशाळेत इतकी वर्षे राहिल्याचा गुरुजींचा दाखला हाच पुरेसा मानून पदवीचे श्रेयांक द्यावेत. हे म्हणणे पहिल्या पक्षाच्या मताइतकेच चुकीचे आहे, आणि नीट पाहिल्यास दोन्ही मते एकच आहेत. एक पक्ष महाविद्यालयाच्या हजेरीपटाला प्रमाण मानतो, दुसरा पाठशाळेच्या. विद्यार्थ्याला काय येते हे दोघांनाही विचारावयाचे नाही.

त्र्यंबकेश्वरात वेदपाठशाळा आहेत आणि तेथील अध्ययनाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पहाटे उठून संथा घेणे, गुरुजींनी एकदा म्हटलेले चरण ठरल्या संख्येने आवृत्ती करून कंठस्थ करणे, आणि आज घेतलेली संथा पुढे वर्षानुवर्षे विस्मृत होऊ न देणे, हे श्रम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्यांचे महत्त्व सांगावयास नको. संहिता, पद आणि क्रम यांच्या पुढे जटा, घन इत्यादी विकृती येतात. घनपाठात पहिले व दुसरे पद, मग उलट दुसरे व पहिले, मग पहिले, दुसरे, तिसरे, पुन्हा उलट तिसरे, दुसरे, पहिले, आणि पुन्हा सुलट तिन्ही, अशा क्रमाने पदे गुंफीत पुढे जावे लागते. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पदे उलट्या क्रमाने येतात तेव्हा मूळ संहितेत जो संधी कधीच आलेला नाही तो संधी पाठकाला करावा लागतो, आणि स्वरांचाही बदल सांभाळावा लागतो. म्हणजे उत्तम घनपाठी जे करतो ते निव्वळ स्मरण नसून त्यात संधिनियमांचे कार्यरत ज्ञान असू शकते. ‘असू शकते’ हे शब्द मी विचारपूर्वक लिहितो आहे. काही पाठकांनी तो नियम आत्मसात केलेला असतो. काहींनी ते उलटे क्रमही गुरुमुखातून जसेच्या तसे घेतलेले असतात. बाहेरून दोघांचे पठण सारखेच ऐकू येते.

या दोघांतला भेद गुरुजींच्या दाखल्याने कळत नाही, वर्षांच्या गणनेने कळत नाही, आणि विद्यार्थ्याच्या कुळाने तर नाहीच नाही. तो कळण्याचा मार्ग एकच: त्याच्या शाखेबाहेरचा, त्याने कधी न म्हटलेला श्लोक समोर ठेवून पदच्छेद करावयास सांगणे, दोन अपरिचित पदांचा संधी करावयास लावणे, आणि नियम कोणता ते विचारणे. ज्याला ते जमेल त्याला संस्कृत व्याकरणाच्या प्रारंभिक विषयाचे श्रेयांक निःसंकोच द्यावेत. ज्याला केवळ पाठ येतो त्याला पाठाचे, म्हणजे जेथे वेदपठण हा विषय आहे तेथे त्या विषयाचे द्यावेत, व्याकरणाचे देऊ नयेत; आणि ज्याला ऋचेचा अर्थ सांगता येत नाही त्याला वैदिक वाङ्मयाच्या विषयाचे देऊ नयेत. जुन्या पंडितांना हे मान्य झाले असते. पोथीत शलाका खुपसून जे पान निघेल त्यावर विवेचन करावयास लावण्याची जी परीक्षा परंपरा सांगते, तीत शिष्य किती वर्षे गुरुगृही होता याला काही किंमत नव्हती.

उज्जैनच्या महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाच्या वेदभूषण व वेदविभूषण या परीक्षांना दहावी व बारावीची समकक्षता मिळाल्यामुळे पाठशाळेतील मुलाला महाविद्यालयाचा दरवाजा आता उघडा आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दरवाजातून आत आल्यावर प्रथम वर्षाच्या संस्कृतच्या वर्गात ‘रामः रामौ रामाः’ चालवीत त्याला सत्र काढावे लागणार असेल, तर त्या प्रवेशाचा उपयोग अर्धाच झाला. त्याला जे खरोखर शिकावयास हवे, म्हणजे भाषाशास्त्र, इतिहास, हस्तलिखितांची चिकित्सा, इंग्रजी, ज्या समाजात तो वावरणार त्याचे अर्थकारण, त्यासाठी त्याचा वेळ मोकळा करणे हेच परीक्षेने श्रेयांक देण्याचे प्रयोजन आहे. सहवासाने विद्यार्थी घडतो म्हणणाऱ्यांना माझे सांगणे असे की, तो सहवास त्याला ज्या विषयांत नवीन काही ऐकावयास मिळेल त्या विषयांच्या वर्गात लाभू द्या; कंटाळ्याने भरलेल्या वर्गात कोणी घडत नाही. संपूर्ण पदवी घरबसल्या परीक्षा देऊन मिळावी असे माझे म्हणणे नाही. पदवीच्या एकूण श्रेयांकांपैकी चतुर्थांशापर्यंत ही सवलत असावी, एवढे मला पुरेसे वाटते.

यावर पुरोगामी विचाराच्या मित्रांकडून एक गंभीर हरकत येते, आणि तिला उत्तर देणे मी टाळणार नाही. ते म्हणतात, वेदपाठशाळांचे दरवाजे सर्व जातींच्या मुलांना व मुलींना खुले नाहीत. अशा संस्थांतील शिक्षणाला विद्यापीठाने श्रेयांक देणे म्हणजे जुनी मक्तेदारी सार्वजनिक पैशाने पोसणे होय. ज्या जिल्ह्याने 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या बंद दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह पाहिला, त्या जिल्ह्यात ही हरकत हलक्या मनाने बाजूला सारता येणार नाही. पण तिचे बळ श्रेयांक संस्थेला देण्याविरुद्ध आहे, परीक्षेला देण्याविरुद्ध नाही. किंबहुना पाठशाळेच्या दाखल्याऐवजी खुली परीक्षा ठेवली की ती मक्तेदारी तेथेच संपते. कारण परीक्षेच्या दालनात बसणाऱ्याला यज्ञोपवीत विचारावयाचे नसते. साकोरीच्या उपासनी कन्याकुमारी स्थानात गोदावरीमातांच्या परंपरेतील कन्या वेदपठण करीत आलेल्या आहेत. पुण्यात स्त्रिया पौरोहित्य शिकून ते करीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी, किंवा घरी ध्वनिमुद्रणे ऐकून शिकलेल्या कोणत्याही समाजातील मुलीने, तीच परीक्षा देऊन तेच श्रेयांक घ्यावेत.

आणि हीच वाट त्र्यंबक तालुक्यातील ज्या पाड्यांना वेदाशी काही कर्तव्य नाही त्यांच्यासाठीही तितकीच आवश्यक आहे. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर या समाजांतील मुलामुलींना ब्रह्मगिरी व अंजनेरीच्या उतारांवरील वनस्पती पाने, फुले, कंद, ऋतू व उपयोग यांसह ओळखता येतात. अंजनेरीवर सापडलेल्या व त्या डोंगराचेच नाव धारण करणाऱ्या सेरोपेजिया अंजनेरिका या कंदवर्गीय वनस्पतीची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2006 साली केली. ज्यांची गुरे त्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या चरली त्यांच्याजवळ अशा वनस्पतींचे जे निरीक्षण असते ते क्षेत्रीय वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तपासता येण्याजोगे आहे. पाड्यावरची मुलगी जर परीक्षकाला पन्नास वनस्पती जागेवर ओळखून दाखवीत असेल, त्यांचे ऋतुमान व अधिवास सांगत असेल, तर तिला त्या प्रात्यक्षिकाचे श्रेयांक द्या आणि तिचा वेळ पेशीविज्ञान व रसायन यांच्यासाठी वाचवा. तिच्यासाठी हा सन्मानाचा प्रश्न तर आहेच, पण फी, एस.टी.चे भाडे आणि मजुरीचे बुडालेले दिवस यांचाही आहे. वाचलेले एक सत्र म्हणजे तिच्या घरच्यांनी तिला पदवीपर्यंत शिकू देण्याची वाढलेली शक्यता.

परीक्षा आली की मार्गदर्शिका येतात, घोकंपट्टी येते, नक्कल येते, हा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो; कारण तो वर्गात बसलेल्यांच्या परीक्षेलाही तंतोतंत लागू आहे. परीक्षा सदोष असेल तर ती सुधारा. अपरिचित मजकूर, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, बाहेरचे दोन परीक्षक आणि उत्तरांचे जतन, या गोष्टी मोडीसारख्या किंवा वनस्पतिपरिचयासारख्या विषयांत सहज शक्य आहेत. अमेरिकेत कॉलेज बोर्डाच्या अशा विषयवार परीक्षा 1967 पासून चालू आहेत आणि अडीच हजारांहून अधिक महाविद्यालये त्यांवर श्रेयांक देतात. त्यामुळे तेथील महाविद्यालये ओस पडल्याचे कोणी पाहिलेले नाही. संस्थाचालकांना फी बुडण्याची जी धास्ती वाटते ती मी समजू शकतो, परंतु विद्यार्थ्याला जे येते तेच त्याला पुन्हा शिकवून घेतलेल्या फीचे समर्थन कोणत्याही शिक्षणसंस्थेला करता येणार नाही.

त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावलेली गोदावरी ज्या गंगापूर धरणात साठते, त्या धरणाजवळ 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे आवार आहे. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली या विद्यापीठाने शाळा अर्धवट सोडलेल्या प्रौढांना पूर्वतयारीच्या मार्गाने पदवीपर्यंत येऊ दिले. ज्ञानाचा अधिकार वयाने, गावाने किंवा घड्याळाने अडवू नये, हे तत्त्व त्याने स्वीकारलेले आहे. त्यामुळे या कामाचा आरंभ नाशिकलाच होणे उचित होय. माझी तजवीज अशी आहे: मुक्त विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्या विद्यापरिषदांनी मिळून प्रथम तीनच विषय घ्यावेत, मोडीवाचन, प्रारंभिक संस्कृत व्याकरण आणि क्षेत्रीय वनस्पतिपरिचय, वर्षातून दोन वेळा नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे परीक्षा ठेवावी, फी नेहमीच्या विषयपरीक्षेहून अधिक नसावी, अनुत्तीर्ण झाल्याची नोंद गुणपत्रिकेवर येऊ नये, आणि परीक्षेस बसण्यासाठी कोणत्याही पाठशाळेचा, संस्थेचा वा व्यक्तीचा शिफारसदाखला मागू नये. तीन वर्षांनी या मार्गाने आलेल्यांचे पुढच्या विषयांतील गुण वर्गातून आलेल्यांच्या गुणांशी ताडून पाहावेत, आणि ते कमी भरल्यास ही सवलत खुशाल रद्द करावी. ज्या अध्यापकांना हा लेख अमान्य असेल त्यांना माझी विनंती आहे की, या परीक्षांचे परीक्षकपद त्यांनीच स्वीकारावे, हव्या तितक्या कठीण प्रश्नपत्रिका काढाव्यात, आणि जो विद्यार्थी त्या सोडवील त्याला श्रेयांक नाकारण्याचे कारण मग लेखी नमूद करावे.